ऊर्फ

बाई,

मी निवडून आले. शेवट आधी सांगून टाकते, कारण तुम्ही गोष्ट वाचायला घेतलीत की पहिल्यांदा शेवट सांगायचात. "घाबरू नका, मुलगा घरी पोचतो," म्हणायचात आणि मग पहिल्या ओळीवर यायचात. तर मी पोचले. ग्रामपंचायतीवर, आमच्या वाडीच्या प्रभागातून, आदिवासी बाईसाठी राखीव असलेल्या जागेवर, आणि बिनविरोध नाही, रांगा लावून पडलेल्या मतांवर. निकालानंतर आठवडाभर गुलाल केसांच्या मुळाशी होता. दोनदा न्हाले तरी पाणी गुलाबी यायचं. शेजारीण म्हणाली, "र्‍हाऊ दे गो, आपल्या वाडीत गुलाल पयल्यांदाच आलाय, धुवायची घाई कशाला करतेस?"

मी कोण, ते तुम्हाला सांगायला नको. कोलाडच्या अलीकडच्या तुमच्या शाळेत दाराजवळ बसणारी, तीन हंगाम तुमच्या खोलीवर राहिलेली कातकऱ्याची मुलगी. पुढे लग्न होऊन मी पेणच्या बाजूला आले. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही कर्जतकडे वीटभट्टीवर होतो, मला बातमी कळली ती पावसाच्या तोंडाशी घरी परतल्यावर. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला लिहावं असं मनात अनेकदा आलं, पण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय, आणि त्यात तुमचा हात आहे, अगदी खरोखरचा, शाईचा.

दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी व्हायची ते तुम्हाला माहीतच आहे. भट्टीवाल्याचा ट्रक यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळी त्यात चढायची. त्या वर्षी मी चढलेय, मांडीवर कोंबडी धरलीय, आणि तुम्ही शाळेतून तशाच चालत आलाय, हाताला खडू लागलेला. बाबा खाली उभा आहे. तुम्ही त्याला म्हणताय, "पोरीला उतरवा." बाबा म्हणतो, "बाई, आमी चाललो समदी. पोरगी कुनाकडं र्‍हाईल?" तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्याकडे." बाबाने आईकडे पाहिलं. आईने माझ्या मांडीवरची कोंबडी उचलून घेतली. एवढ्याशा गोष्टीने माझं आयुष्य दुसऱ्या रस्त्याला लागलं.

तुमची ती भाड्याची खोली आणि तिच्यातलं स्वयंपाकघर, म्हणजे एक कोपरा, एक स्टो आणि फळीवर ओळीने मांडलेले डबे. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "बाई, कातकऱ्याची पोर पाण्याला शिवते व्हय? आमच्या विहिरीचं पानी हाय ते." तुम्ही हंडा उचललात, माझ्या डोक्यावर ठेवलात आणि माझ्यामागून चालत विहिरीपर्यंत आलात. मी पाणी ओढलं. तुम्ही नुसत्या उभ्या होतात. सगळी आळी बघत होती. परत येताना हंडा डचमळून माझी पाठ भिजली आणि तुम्ही म्हणालात, "सरळ चाल. पाणी सांडतंय ते मान खाली घातल्यामुळे." नंतर त्या बाईने परत कधी विषय काढला नाही. तुम्ही काढू दिला नाहीत म्हणा.

आता नावाचं. पहिलीत घालायला आणलं तेव्हा बाबाने माझं घरचं नाव सांगितलं. आमच्यात पोर ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव सर्रास ठेवतात, माझंही तेच. तुम्ही मला शाळेसाठी दुसरं नाव दिलंत, चांगलं, पुस्तकात असतं तसं. पण रजिस्टरात त्याच्यापुढे 'ऊर्फ' लिहून घरचं नावही लिहिलंत. हजेरी घेताना तुम्ही चांगलंच नाव घ्यायचात, तरी पोरांना दुसरं कळलंच. दर आठवड्याला तो वार आला की सगळा वर्ग ओरडायचा, "आज तुझा वार गो!" तिसरीत असताना मी एका संध्याकाळी धीर करून तुम्हाला म्हटलं, "बाई, रजिस्टरातलं ते नाव खोडा." तुम्ही जवळा निवडत होतात. ताट बाजूला सारलंत. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. "खोडायचं? तुझ्या आईने ठेवलेलं नाव आहे ते. मी दिलेलं त्याच्या आधी लिहिलं, हेच माझं चुकलंय. लाज वाटते? कसली? परत हा विषय काढायचा नाही." मी त्या रात्री जेवले नाही. तुम्हीही मनधरणी केली नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात कोणी नव्हतं, रजिस्टर टेबलावर होतं, आणि माझ्या दप्तरात पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड होतं. मी पान काढलं आणि ते नाव खरवडलं. कागद पातळ झाला, तेव्हा घाबरून थांबले. कोणी काही बोललं नाही. महिनाभर मी वाट पाहिली, मग विसरले.

आता इकडचं सांगते. मी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. आधी माती मळायला होते, मग रंगाला, आता आखणी करते. आखणी म्हणजे डोळे काढणं. ते काम सगळ्यांना देत नाहीत, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. तिथेच एका दुपारी कारखान्याची मालकीण म्हणाली, "तुमच्या वाडीची मेंबर ठरली म्हणे. काल देवळात मीटिंग झाली." मी हातातला ब्रश खाली ठेवला. वाडीची मेंबर, आणि वाडीला पत्ता नाही. बाई, हे असंच चालत आलेलं. जागा आमच्या नावाने राखीव, पण नाव गावातले भाऊ ठरवणार. भाऊ म्हणजे आमच्या गावचे पुढारी, त्यांच्या शब्दाबाहेर पंचायत नाही. त्यांच्या शेतावर कामाला असणारी एखादी बाई ते निवडायचे, तिचा अर्ज भरायचे, दुसरा अर्ज येऊ द्यायचे नाहीत, आणि झालं बिनविरोध. मागची मेंबर पाच वर्षं मीटिंगला दाराशी जमिनीवर बसली. कागद पुढे आला की अंगठा. या वेळी ठरवलेली बाईही आमच्याच वाडीतली, चांगल्या स्वभावाची, भाऊंच्या घरी भांडी घासणारी. तिलासुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मी अर्ज भरते." तो जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, "भर. पण मग मागं नाय फिरायचं."

पेणला जाऊन अर्ज भरला. शिबिरात काढलेला जातीचा दाखला लावला, पडताळणीला टाकल्याची पावती लावली. भाऊ दुसऱ्याच दिवशी वाडीत आले, खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कशाला गो खटपट? तुला जमायचं नाय. माघारीचा दिवस हाय अजून. तुझ्या नवऱ्याला कंपनीत ठेकेदाराकडं चिकटवतो." नवरा म्हणाला, "मला शिफ्ट झेपत नाय, भाऊ. झोप लागते." भाऊ हसले. उठताना मात्र म्हणाले, "छाननीत बघू मग."

छाननी म्हणजे अर्ज तपासायचा दिवस. तहसील कार्यालयात आम्ही सगळे उमेदवार भिंतीला टेकून उभे. माझं नाव पुकारलं तसा भाऊंचा पुतण्या फाईल घेऊन पुढे आला. "साहेब, हरकत हाय. जातीचा दाखला एका बाईचा, मतदारयादीत दुसरीच बाई, आणि समोर उभी हाय ती तिसरीच." सगळे हसले. पण बोलणं खोटं नव्हतं. दाखला शाळेच्या नावाने, बाबाच्या नावासकट. यादीत आणि आधारला मात्र सासूने सांगितलेलं घरचं नाव, पुढे नवऱ्याचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यातही कुणीतरी पुढे ऊर्फ गाळून टाकलेलं. कागदावर खरंच दोन बायका होत्या.

अधिकारी तरुण होते, पेणला नवीन. त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्यातल्या कोण?"

मी म्हटलं, "साहेब, तिन्ही मीच."

परत हसू झालं, पण साहेब हसले नाहीत. "तसं म्हणून चालत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं कुठे लिहिलेलं आहे का? जुना, सरकारी कागद हवा." आणि बाई, माझ्या तोंडून निघून गेलं, "शाळेच्या रजिस्टरात हाय, रोहा तालुक्यात." साहेबांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजत आले होते. "आज साडेपाचपर्यंत थांबतो. नाही आलं तर अर्ज बाद." पुतण्या म्हणाला, "रोह्याला जाऊन येणार व्हय? हायवे बघितलाय काय?"

नवऱ्याने शेजाऱ्याची मोटारसायकल आणली होती. वडखळ मागे पडलं, नागोठणे आलं. मला आठवलं ते रजिस्टर नाही, मला ब्लेड आठवलं. इतक्या वर्षांनी, भर रस्त्यात. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. "जाऊन उपयोग नाय. ते नाव मीच खरवडलंय."

"कधी?"

"तिसरीत."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की गाडी कलंडायला आली. "तिसरीतल्या पोरीनं खरवडलेलं! कितीसं नीट खरवडलं असशील? बस मागं."

शाळा तशीच आहे, कौलं जाऊन पत्रे आलेत एवढंच. हल्लीचे हेडमास्तर वयस्कर आहेत, निवृत्तीला आलेले. मी सगळं सांगितलं, ब्लेडसुद्धा. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, तीन गठ्ठे काढले, फडक्याने पुसले. एका रजिस्टराचे कोपरे वाळवीने खाल्लेले. ते बोट फिरवत फिरवत खाली आले आणि थांबले. म्हणाले, "ये, बघ."

तुमचं अक्षर. माझं शाळेचं नाव, पुढे ऊर्फ, आणि त्यापुढे खरवडलेला पांढुरका डाग. आणि त्या डागाच्या खाली, समासात, लाल शाईने: येथे खाडाखोड झालेली आहे, मूळ नोंद पुढीलप्रमाणे. मग माझं घरचं नाव, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं. मग 'मूळ नोंद कायम', तुमची सही, शाळेचा शिक्का आणि तारीख. तारीख त्याच आठवड्याची होती.

तुम्हाला कळलं होतं. तुम्ही त्याच आठवड्यात पाहिलं होतं, आणि दोन वेळचं जेवण माझ्यासमोर बसून जेवत होतात, माझी वेणी घालत होतात, आणि बोलला नाहीत. मला एकदम शार्पनर आठवला. तुम्ही रोह्याच्या बाजारातून आणून दिलेला, हिरवा. "ब्लेडने बोट कापतं. यापुढे हे वापर." मला वाटलं होतं चाचणीत पहिली आले म्हणून बक्षीस दिलंत. मी तो सगळ्या वर्गाला दाखवत फिरले होते! बाई, मी त्या शाळेच्या ओट्यावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता मला आवरेना. नवरा बिचारा पाणी आणायला धावला.

मी म्हटलं, "गुरुजी, उतारा लिहून द्या, वेळ नाय." ते म्हणाले, "उतारा देतोच. पण खाडाखोड म्हटली की समोरचा भांडणार, मूळ कागद दाखवलेला बरा. आणि रजिस्टर एकटं शाळेबाहेर जात नाय. मी येतो त्याच्याबरोबर." दुसऱ्या शिक्षिकेला वर्ग सांभाळायला सांगून त्यांनी रजिस्टर फडक्यात बांधलं, पिशवीत घातलं, पिशवी गळ्यात अडकवली आणि स्कूटर काढली. नागोठण्याजवळ ट्रक आडवा होऊन रस्ता तुंबला होता. आम्ही खडीवरून, बाजूच्या शेताच्या कडेने गाड्या काढल्या. गुरुजींचा चष्मा धुळीने पांढरा झाला होता, तरी पिशवीवरचा हात सुटला नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही तहसीलच्या पायऱ्या चढलो. पुतण्याने रजिस्टर बघताच आवाज टाकला, "साहेब, ह्यात तर खाडाखोड हाय! हा पुरावा कसला?" साहेबांनी हाताने त्याला गप्प केलं आणि लाल शाई वाचली, आधी मनात, मग मोठ्याने. शिक्का बघितला, तारीख बघितली, मला जन्मसाल विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, गुरुजींची सही घेतली. मग हरकत फेटाळली असं लिहिलं आणि माझ्या अर्जावर 'वैध' असा शेरा मारला. पुतण्या फाईल आपटत बाहेर गेला. गुरुजी म्हणाले, "अहो साहेब, पाणी मिळेल का?" आणि मग सगळं कार्यालय मोकळं हसलं.

चिन्ह वाटायच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "मशीनवर नाव कोणतं छापायचं?" मी म्हटलं, "जसं रजिस्टरात हाय तसं. दोन्ही, मधे ऊर्फ." त्याचा असा उपयोग होईल हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. वाडीतल्या कुणालाच माझं शाळेचं नाव माहीत नाही. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या विचारत होत्या, "आपली कोनती?" आणि बाहेर लावलेल्या उमेदवारांच्या यादीवरून एक पोरगी माझं घरचं नाव मोठ्याने वाचत होती. ज्या नावावरून अख्खा वर्ग हसायचा त्या नावासाठी माझी सासू, काठी टेकत, उन्हात दोन तास उभी राहिली. माघारीच्या दिवशी मी माघार घेतली नाही, तेव्हापासून भाऊ तीन वेळा वाडीत येऊन गेले होते. मतदानाच्या दिवशी मात्र ते बूथच्या बाहेर खुर्चीवर बसून फक्त बघत होते. आमची माणसं कामं सोडून आली. कारखान्यात जाणाऱ्या वाडीतल्या बायका आल्या, हाताला रंग तसाच.

मोजणीला मी पेणला गेले. आकडा कळला तेव्हा मी नवऱ्याला दोनदा विचारलं, बरोबर ऐकलं ना. वाडीतून ढोल आला. माझ्याविरुद्ध उभी असलेली, भाऊंनी ठरवलेली ती बाई गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली. मला वाटलं, रागावली असेल. तिने माझ्या कपाळाला गुलाल फासला आणि कानात म्हणाली, "मीबी तुलाच दिलं गो. कुनाला सांगू नको." आज तुम्हाला सांगतेय, तेवढं तिला चालेल.

पहिल्या मीटिंगला शिपायाने सवयीने दाराशी सतरंजी टाकली होती. मी आत गेले आणि टेबलापाशी रिकाम्या खुर्चीवर बसले. आमच्या वाडीतली घरं पंचायतीच्या दप्तरात नाहीत, बाई. माणसं मतदारयादीत आहेत पण घरं कुठेच नाहीत, म्हणून नळ नाही, घरकुल नाही, आणि कुणीही येऊन उठा म्हणू शकतो. मी पहिला ठराव तोच मांडला. ग्रामसेवक म्हणाले, "घरमालकांची नावं द्यावी लागतील." मी वही काढली. आदल्या आठवड्यात घरोघर फिरून लिहिलेली. सगळी नावं वाचून दाखवली, घरची आणि कागदावरची, दोन्ही. वाचायला बराच वेळ लागला आणि मी घाई केली नाही. भाऊ, गावातल्या प्रभागाचे मेंबर, खिडकीबाहेर बघत होते, पण ठरावाला हात वर झाले. आधी तीन, मग पाच, मग त्यांचाही.

तर असं आहे. हे पत्र टपालात टाकायचं नाही, ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. वहीची पानं फाडून ट्रंकेत ठेवीन, जातीच्या दाखल्याच्या खाली.

एक गोष्ट मात्र वर मी गाळली. तहसीलात साहेबांनी लाल शाई वाचली आणि मला विचारलं, "या शिक्षिका आहेत का? गरज पडली तर त्यांना बोलावता येईल का?" मला वाटलं, मेलेल्या माणसाचं अक्षर चालत नसेल. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "व्हय साहेब, हायत. रोह्याला असतात." गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग चष्मा पुसायला घेतला.